राखीव निधी रुपयांत आहे, बेगमी कुठे आहे?

प्रति,
मा. चेअरमन आणि संचालक,
कोल्हापूर जिल्ह्यातील प्राथमिक दूध संस्था, विकास सेवा संस्था आणि सहकारी पाणीपुरवठा संस्था

विषय : पावसाळ्यापूर्वी प्रत्येक संस्थेने सात दिवसांची बेगमी करून ती दप्तरी नोंदवण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,

पंचगंगेकाठच्या एका गावातील महिला दूध संस्थेची सचिव म्हणून मी सव्वीस वर्षे काम केले आणि आता निवृत्त आहे. आज माझ्याकडे कोणतेही पद नाही, त्यामुळे हे पत्र कोणत्याही गटाच्या किंवा पॅनेलच्या वतीने लिहिलेले नाही. पावसाळ्याला अजून दीड महिना आहे, आणि जे मी सांगू पाहते आहे ते या दीड महिन्यातच करता येण्यासारखे आहे, म्हणून आत्ता लिहिते आहे.

महापूर का येतो, याची चर्चा मी येथे करणार नाही. कर्नाटकातील अलमट्टी धरणाची उंची, नदीपात्रातील भराव, पूररेषेतील बांधकामे हे प्रश्न मोठे आहेत आणि त्यांवर बोलणारे अभ्यासू लोक जिल्ह्यात आहेत. माझा प्रश्न त्यापेक्षा लहान आहे : पाणी आलेच, रस्ते बंद झालेच, तर त्या आठवड्यात आपल्या संस्थेच्या हाताशी काय असेल?

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. तेथे इशारा पातळी ३९ फुटांची आणि धोका पातळी ४३ फुटांची आहे, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. पण धोका पातळी ओलांडल्यावर जिल्ह्याच्या वाटा कोणत्या क्रमाने मिटतात, हे मात्र त्या वर्षीच आपल्याला नीट कळले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, दक्षिणेला निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेने तोच रस्ता अडवला, रत्नागिरीकडचा रस्ता केर्लीजवळ थांबला आणि गगनबावड्याकडच्या घाटवाटांचा भरवसा उरला नाही. ट्रक महामार्गावर मैलोगणती उभे राहिले. आठवडाभर कोल्हापूर बेटासारखे झाले. शहराला पाणी उपसून देणारी शिंगणापूर आणि बालिंगा येथील केंद्रे बुडाल्यामुळे चारही बाजूंना पाणीच पाणी असताना घरोघरी घागरी रिकाम्या होत्या आणि लोक टँकरच्या रांगेत उभे होते.

आमच्या संस्थेपुरते सांगते. सकाळ-संध्याकाळ मिळून आमच्याकडे अकराशे लिटर दूध येत असे, आणि दूध थंड ठेवणारा बल्क कूलर दोन हजार लिटरचा होता. वीज गेली तेव्हा जनरेटर सुरू केला. त्याच्या टाकीत चाळीस लिटर डिझेल होते आणि ताशी तीन लिटरच्या हिशेबाने ते तेरा तास पुरणारे होते. डिझेल आम्ही लागेल तसे आणत असू, कारण पंप गावाबाहेर दीड किलोमीटरवर होता आणि इतक्या वर्षांत कधी अडले नव्हते. त्या दिवशी पंपावर उरलेला साठा रुग्णवाहिका आणि बचावकार्याच्या बोटींसाठी राखून ठेवला होता. ते योग्यच होते. जनरेटर थोडा थोडा चालवून आम्ही दीड दिवस काढला आणि मग कूलरची मोटार थांबली.

तरीही दूध येत राहिले. गुडघाभर पाण्यातून एक सभासद तीन लिटरची किटली डोक्यावर धरून आली. तिला मी सांगितले की, बाई, दूध घेता येत नाही, ठेवायला जागा नाही. ती म्हणाली, “दराचं मी विचारतच नाही. धार तर काढायलाच लागणार, न्हाईतर कास सुजेल. तुम्ही ओता कुठंतरी, माझ्या हातानं ओतवत नाही.” त्या संध्याकाळी डेअरीच्या मागच्या बाजूला मी स्वतः दूध ओतले. तीन किलोमीटरवर, उंचावरच्या शाळेत पूरग्रस्तांचा निवारा होता आणि तेथील लेकरांना बाहेरून आलेल्या दूध पावडरीचे दूध मिळत होते, हे मला चार दिवसांनी समजले. त्यांना दुधाची गरज होती आणि आमच्याकडे दूध होते, पण एकाला दुसऱ्याची खबर नव्हती, आणि कोणी कोणाला विचारायचे हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

त्याच वेळी संस्थेच्या ताळेबंदात राखीव निधी सहा लाखांच्या घरात होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान एक चतुर्थांश भाग दरवर्षी राखीव निधीत टाकावा लागतो. ही फार शहाणपणाची तरतूद आहे. त्या निधीला हात लावा असे मी म्हणत नाही. पण संकटासाठी म्हणून आपण जे राखतो ते सगळे रुपयांत असते, आणि त्या आठवड्यात रुपयाला काही मिळत नव्हते. बँकेची शाखा बंद, एटीएम बंद, पंपावर डिझेल नाही, दुकानात पेंड नाही. सहा लाखांची ठेव असलेली संस्था वीस लिटर डिझेलसाठी हात जोडत फिरत होती.

आपल्या घरांत असे होत नसे. माझी आई वैशाखात बेगमी करायची. जोंधळा उन्हात घालून, कडुलिंबाचा पाला मिसळून कणगीत भरायचा, सांडगे-कुरडया डब्यात, मीठ-मिरची मडक्यात, शेणी (गोवऱ्या) रचून त्यावर झाप टाकायचे. यातले काय किती दिवस पुरेल हे तिला तोंडपाठ असे आणि शेजारणीकडे काय आहे हेही तिला ठाऊक असे. माझ्या पिढीने तीच घरे सोडून संस्थांचे कारभार हाती घेतले, पण बेगमी घरीच राहिली. माझी विनंती एवढीच आहे की, राखीव निधीइतक्याच गांभीर्याने प्रत्येक संस्थेने सात दिवसांची बेगमी वस्तूंच्या रूपात करावी, ती साठा नोंदवहीत चढवावी आणि शेजारच्या संस्थेला कळवावी. सात दिवस यासाठी की, २०१९ मध्ये महामार्ग जवळपास तेवढेच दिवस बंद होता.

आमच्या संस्थेने त्या पुरानंतर दोनशे लिटरचे बॅरल घेतले. दिवसाला आठ तास जनरेटर चालवला तरी सात दिवसांना १६८ लिटर डिझेल लागते, असा तो हिशेब होता. डिझेल वर्षभर तसेच पडून राहिले तर त्यात पाणी आणि गाळ धरतो, म्हणून जुने आधी वापरायचे आणि नवे भरून ठेवायचे, अशी पाळी लावली. (काही संचालकांना परवान्याची शंका असते. एकूण २५०० लिटरपर्यंत आणि कोणत्याही एका भांड्यात १००० लिटरहून अधिक नसेल तर डिझेल साठवायला परवाना लागत नाही. आग लागू नये म्हणून घ्यायची काळजी मात्र घ्यावीच लागते.) जनरेटर आम्ही २०१९ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा एक फूट उंच कट्ट्यावर बसवला आणि निश्चिंत झालो. जुलै २०२१ मध्ये पाणी त्या कट्ट्याच्याही वर आले. बॅरल भरलेले, दोरीने बांधलेले, शाबूत होते. जनरेटर बुडाला होता. मागच्या पुराची रेघ हीच पुढच्या पुराची मर्यादा असेल, असे मी कशावरून धरले, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. कट्ट्याच्या उंचीचा प्रस्ताव मीच मांडला होता.

त्यानंतर मी या गोष्टीचा नीट विचार करू लागले. माझा भाचा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत आहे. तेथे विजेच्या भट्टीत लोखंड वितळते आणि भट्टीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी सतत फिरते ठेवावे लागते. वीज गेली की भट्टी तापणे थांबते, पण आतला रस तापलेलाच असतो. पाणी थांबले तर वेटोळे जळून मोठा अपघात होऊ शकतो. म्हणून पंप बंद पडला तरी केवळ उताराने पाणी येत राहील अशी उंच टाकी ते ठेवतात. वीज गेल्यावरची सोय विजेवर अवलंबून नसते, ही त्यातली खुबी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजेही याच तत्त्वावर चालतात. पाण्याची पातळी ठरावीक उंचीला गेली की पाण्याच्याच दाबाने दरवाजा उघडतो. बटण दाबायला माणूस पोहोचला का, तार तुटली का, हा प्रश्न तेथे येत नाही. दर पावसाळ्यात ‘राधानगरीचे अमुक दरवाजे उघडले’ ही बातमी आपण वाचतो आणि नदीकाठचा माणूस जनावरे हलवायच्या तयारीला लागतो.

आपल्या संस्थांमधील पर्यायी सोयी या कसोटीवर तपासून पाहाव्यात. जनरेटर आहे, पण तो कूलरच्याच खोलीत, त्याच पातळीवर आहे का? सभासदांचे दूरध्वनी क्रमांक संगणकात आहेत, पण वीज नसताना ते वाचता येतील अशी कागदी यादी वरच्या फळीवर आहे का? दुधाची गाडी दुसऱ्या रस्त्याने जाऊ शकते, पण तो रस्ताही त्याच ओढ्यावरच्या फरशीवरून जातो का? कोल्हापूर शहरासाठी काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनी आली आहे आणि त्यामुळे पंचगंगेच्या काठावरील उपसा केंद्रांवरचे अवलंबन कमी झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तेथील पंपही विजेवरच चालतात, म्हणून जुन्या विहिरींचा गाळ काढणे आणि विंधन विहिरींना हातपंप असणे याची गरज संपलेली नाही.

आता वैरणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण दूध संस्थांच्या दृष्टीने सर्वांत मोठी हानी येथेच होते आणि तिची कोठे नोंदही होत नाही. पुरात नदीकाठचे गवत आठ-दहा दिवस पाण्याखाली जाते, कुजते, वर चिखल बसतो. उसाचे वाडे, म्हणजे चाऱ्याला वापरायचे हिरवे शेंडे, त्या दिवसांत नसते. रस्त्यावर आणून बांधलेली जनावरे चार दिवस अर्धपोटी राहिली की दूध आटते, आणि एकदा आटलेली म्हैस त्या वेतात पूर्वपदावर येत नाही. पूर ओसरून पंचनामे होतात तेव्हा मेलेल्या जनावराची नोंद होते. आटलेल्या म्हशीची होत नाही. ज्या घरात दहा दिवसांचे दुधाचे बिल हाच रोकडीचा एकमेव झरा आहे, तेथे ते नुकसान दिवाळीपर्यंत चालते.

आमच्या गावात लहानमोठी धरून सुमारे नऊशे जनावरे आहेत. एका जनावराला दिवसाला दहा किलो मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), म्हणजे जगण्यापुरती अर्धी वैरण, धरली तर सात दिवसांना ६३ टन लागतो. हा आकडा ऐकून आमच्या एका संचालकांनी विषयच बाजूला ठेवला होता. पण तोच हिशेब घरावर आणला की वेगळा दिसतो : तीन जनावरांच्या घराला २१० किलो, म्हणजे पन्नास किलोच्या सव्वाचार बॅगा. मक्याचा दाणा चिकात असताना तो कापून, बारीक कुट्टी करून, हवा राहणार नाही असा दाबून भरला तर साधारण ४५ दिवसांत मुरघास तयार होतो आणि बॅग फुटली नाही तर वर्षभर टिकतो. मे महिन्याच्या मध्यापर्यंत भरलेली बॅग जूनअखेर तयार असते. पूर आला नाही तर ती थंडीत खाऊ घालता येते. काहीच वाया जात नाही. संस्थेने कुट्टी यंत्र फिरते ठेवावे, बॅगा एकगठ्ठा आणून द्याव्यात, रक्कम बिलातून हप्त्याने कापावी आणि ज्यांच्या घरात पाणी येते त्यांच्या बॅगा गावाच्या वरच्या अंगाला एका ठिकाणी रचाव्यात. आणखी काही करायची गरज नाही.

एक अवघड गोष्ट लिहिते. २०१९ मध्ये आमच्याकडे डिझेल असते तरी दुसऱ्या दिवशी कूलर भरलाच असता, कारण टँकर येत नव्हता. आमच्याच बाजूला, पाण्याने न अडलेल्या रस्त्यावर, चार किलोमीटरवर दुसऱ्या एका दूध संघाचे शीतकरण केंद्र होते. तेथे जागा होती. मी दूरध्वनी केला. त्यांनी सांगितले की तुमची संस्था आमच्याशी संलग्न नाही, वरून परवानगी लागेल. आणि वरचा माणूस त्या दिवशी कोणालाच सापडत नव्हता. त्या संघाचे नाव मी घेणार नाही, कारण आमच्या जागी ते आणि त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही बहुधा हेच उत्तर दिले असते. गटातटांची स्पर्धा सहकारात असते, निवडणुकीत ती जरूर व्हावी. पण संकटाच्या सात दिवसांत दूध, वैरण, डिझेल आणि टँकर यांची देवघेव कोणत्या दराने, कोणाच्या सहीने आणि कशा नोंदीने होईल, हे मे महिन्यातच दोन्ही बाजूंनी लिहून ठेवता येते. त्यासाठी एक पानाचा करार पुरतो. पुराच्या दिवशी परवानगी शोधत बसावे लागू नये, एवढाच त्याचा हेतू.

आपल्याकडे पूर आला की माणसे पै-पाहुण्यांकडे जातात. चिखली-आंबेवाडीची, शिरोळ तालुक्यातील कितीतरी गावांची जनावरे आणि लेकरे अशीच वरच्या गावांत राहिली आहेत. ही व्यवस्था कोणत्याही शासन निर्णयाविना चालते, कारण नाते आधीपासून असते आणि येणे-जाणे वर्षभर असते. नदीकाठच्या प्रत्येक संस्थेने पन्हाळा, राधानगरी, भुदरगडकडील एखाद्या संस्थेशी असे पाहुणेपण जोडावे. दोन्ही गावे एकाच वेळी बुडत नाहीत. डोंगराकडच्या संस्थेलाही ते उपयोगी आहे. उन्हाळ्यात वैरणीची चणचण त्यांना असते, तेव्हा नदीकाठचा हिरवा चारा वर जाऊ शकतो.

साठा लोकांकडून लोकांसाठी कसा उभा राहतो, याचा नमुना शहरातच आहे. होळी लहान करून उरलेल्या शेणी पंचगंगा स्मशानभूमीला दान करण्याची रीत कोल्हापुरात रुजली आहे. गल्लीतली मंडळे गाड्या भरून शेणी नेऊन देतात, आणि महापालिका अंत्यसंस्कार विनामूल्य करू शकते, त्यामागे ही ओंजळ-ओंजळ मदतही असते. तसाच दुसरा नमुना गुऱ्हाळाच्या काहिलीचा, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईचा. पुरात बोट येईपर्यंत कितीतरी गावांत माणसे काहिलीत बसवून बाहेर काढली गेली. आता गुऱ्हाळे कमी झाली, काहिली भंगारात गेल्या. ज्या गावात एखादी शिल्लक आहे तेथे ती कोणाच्या खळ्यात आहे, एवढे तरी संस्थेच्या दप्तरी असावे.

पाणीपुरवठा संस्थांना मला वेगळे सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर नदीकाठच्या मोटारी वर काढणे आणि कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाआधी काढून पाऊस ओसरल्यावर पुन्हा घालणे, ही शिस्त आपल्या अंगी मुरलेली आहे. बरगे काढायला उशीर झाला तर काय होते हे प्रत्येकाला माहीत असल्यामुळे ते काम कोणी पुढे ढकलत नाही. बेगमीलाही असाच एक दिवस नेमून द्यावा, इतकेच.

दोन हरकती माझ्या कानावर नेहमी येतात. पहिली, लेखापरीक्षक न वापरलेल्या साठ्यावर शेरा मारतील. साठा नोंदवहीत खरेदी, वापर आणि शिल्लक नीट लिहिली, आणि संचालक मंडळाचा ठराव जोडला, तर माझ्या अनुभवात असा शेरा आलेला नाही. आम्ही पाच वर्षे तो साठा दाखवला. दुसरी हरकत, पूर दरवर्षी येत नाही. खरे आहे. पण २०२० आणि २०२१ मध्ये टाळेबंदीत रस्ते कोरडे होते आणि तरी पेंडीच्या गाड्या अडकल्या होत्या. औद्योगिक ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवावा लागला तेव्हा वेल्डिंगची दुकाने बसून होती. वाट कोणत्या कारणाने बंद होईल हे आधी कळत नाही. ती बंद झाल्यावर काय लागते, ते मात्र प्रत्येक वेळी तेच असते.

म्हणून आपल्या मंडळाची मे महिन्यातील सभा या एका विषयासाठी बोलवावी, अशी माझी विनंती आहे. डिझेल, वैरण, जनावरांची औषधे आणि पिण्याचे पाणी यांचा सात दिवसांचा हिशेब आपल्या गावापुरता मांडावा. जनरेटर आणि दप्तर कोठे ठेवायचे ते ठरवावे. एक वरची संस्था आणि एक शेजारची, मग ती कोणत्याही संघाची असो, यांच्याशी करार करावा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते, म्हणजे पावसाळा बहुतेक सरल्यावर. तेथे बेगमीचा जमाखर्च सभासदांसमोर वाचला जावा, जसा नफा-तोटा वाचला जातो.

आणि प्रत्येक डेअरीच्या भिंतीवर फॅटच्या दरपत्रकाचा जो फलक असतो, त्याच्या शेजारी खडूने तीन ओळी लिहाव्यात : आज शिल्लक डिझेल इतके लिटर, मुरघास इतके टन, अडचणीत दूध जाणार अमुक गावाला. दूध घालायला येणारी प्रत्येक बाई तो फलक दिवसातून दोनदा वाचते. आकडा कमी झाला तर ती विचारेल.

आपली नम्र,
एक निवृत्त सचिव, महिला सहकारी दूध संस्था
करवीर तालुका, जि. कोल्हापूर